स्वयंपाकघराचा खचलेला कोपरा

मुलुंडला आमचं घर झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि वर कौलं. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते, पण घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. कुणी घरी आलं की पाणी द्यायच्या आधी ते तो उलगडून दाखवत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराचं मागचं दार लागेनासं झालं. बाबांनी सुतार बोलावून ते तासून घेतलं. दिवाळीच्या सुमाराला फडताळामागे भिंतीत तडा दिसला, माझं बोट जाईल एवढा. बाबांनी तो सिमेंटनं बुजवला, वरून चुन्याचा हात मारला. "नवीन बांधकाम आहे, थोडं बसायचंच," म्हणाले. संक्रांतीपर्यंत तडा पुन्हा उघडला आणि कौलांपर्यंत चढला. मग एका रविवारी सकाळी आईनं फडताळातले सगळे डबे काढून बाहेरच्या खोलीत आणून मांडले.

"हा कोपरा खाली चाललाय," ती म्हणाली. "तुम्हालाही ते कळलंय."

 मग बाबांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमची जागा म्हणजे आधीचं भातशेत. पाया खणताना मिस्त्री म्हणाला होता, या कोपऱ्यात अजून चिकण मातीच लागतेय, आणखी दोन हात खाली जाऊ. पण पाऊस तोंडावर आला होता, माझ्या धाकट्या भावाच्या वेळचे आईचे दिवस भरत आले होते. बाबांनी त्याला सगळ्या गड्यांदेखत सुनावलं होतं, "नकाशा मी काढलाय. तुम्ही भिंत उचला."

"मग आता त्यांनाच बोलवा," आई म्हणाली.

"कोणत्या तोंडानं?"

"आहे त्याच."

मिस्त्री विक्रोळीला चाळीत राहायचे. बाबा मला बरोबर घेऊन गेले. लहान मुलीसमोर माणूस फार बोलणार नाही असं त्यांना वाटलं असावं. मिस्त्री मालवणकडचे, पन्नाशीचे, अंगानं काटक. पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "मिस्त्री, तो कोपरा खचला. तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

बाबांना असं कुणापुढे बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी खाली बघत राहिले.

मिस्त्रींनी सुई बाजूला ठेवली. आधी मला विचारलं, "चेडवा, चाय घेतलस काय?" मग बाबांकडे वळून, "भित पडूक नाय ना अजून? मग कित्याक घाबरतास? बसा."

दुसऱ्याच दिवशी ते आले. तड्यावर त्यांनी आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली. "ही फुटली तर भित अजून चलता," म्हणाले. आठवड्याच्या आत काच फुटली. मग त्यांनी कौलांच्या वाशांना टेकू दिले आणि बाहेरच्या बाजूनं खणायला सुरुवात झाली. सबंध भिंतीखाली एकदम नाही. दीड हात रुंदीचा एकच खड्डा, त्यात काळे दगड आणि सिमेंट भरायचं, ते घट्ट व्हायला काही दिवस द्यायचे, मधली जागा सोडून पुढचा खड्डा घ्यायचा. सोडलेले तुकडे शेवटी. मला घाई वाटायची. मिस्त्री म्हणायचे, "सगळा एकदम खणला तर भित आमच्याच अंगार येतली."

पहिल्या खड्ड्यात खांद्याएवढे खाली गेल्यावर त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "साहेब, खाली उतरा."

बाबांनी धोतर वर खोचलं आणि उतरले. मिस्त्रींनी पहार त्यांच्या हातात दिली. "मारा." बाबांनी मारली. आतापर्यंत पहार मातीत नुसती रुतायची, या वेळी खण्णकन आवाज आला. चिकण मातीखालचा घट्ट मुरूम लागला होता. बाबांनी पुन्हा मारली, मग तिसऱ्यांदा. मिस्त्री हसायला लागले. "पुरे साहेब, फोडूचो नाय, त्येच्यावर घर उभा करूचा असा." बाबाही हसले, पण वर आले तेव्हा धोतराच्या टोकानं डोळे पुसत होते.

काम सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत आमचं स्वयंपाकघर पडवीत होतं. आई रस्त्याकडे तोंड करून भाकऱ्या थापायची. येणारीजाणारी ओळखीची बायामाणसं कठड्याशी थांबायची, बोलता बोलता शेजारीण भाजी निवडून द्यायची. काम चाललं ते दीड-दोन महिने रविवारी बाबा मिस्त्रींच्या हाताखाली दगड द्यायचे आणि दुपारी दोघं शेजारी शेजारी जेवायला बसायचे. मातीनं माखलेले बाबा आणि त्यांना "अजून घ्या" म्हणणारी आई. घरात इतकं मोकळं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं नाही.

काम संपलं, मिस्त्रींनी तड्यावर नवी काच लावली. ती न फुटता भिंतीनं पुढचा सबंध पावसाळा काढला. गणपतीनंतर आईनं डबे पुन्हा फडताळात लावले, चूल आत नेली. मी मदतीला होते. सगळं जागच्या जागी लागल्यावर ती तिथे जराशी उभी राहिली. मला वाटलं, खूश असेल.

"इथून कुणी दिसत नाही गं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं स्टोव्ह उचलून पडवीत आणला. माझं लग्न होईपर्यंत आमच्याकडचा संध्याकाळचा चहा तिथेच होत असे.