‘हो गया समझो’ म्हणणारी निशिगंधा

इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या निशिगंधाला एका जागी बसवतच नसे. जेवतानाही पाय हलत. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती ‘हाँ हाँ, हो गया समझो’ म्हणून चपला घालायला धावे. इंदुरात याला कोणी वाईट म्हणत नाही; निम्मं शहर त्याच भरवशावर चालतं. तिची आई सुहासिनी सांवेर रोडच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघे. लेकीच्या ‘हाँ हाँ’पुढे तिने केव्हाच हात टेकले होते.

अशी ही पोरगी कॉलेजातून निवडली गेली आणि कोचीहून निघालेल्या शिडाच्या मोठ्या जहाजावर, विद्यार्थ्यांच्या सफरीला दाखल झाली. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता. सुरुवातीला उलट्यांनी बेजार झाली, पण तेव्हाही मान वर करून डोलकाठीच बघत होती. तिला अगदी टोकापर्यंत चढायचं होतं. बाकी कशाचं तिला काही पडलं नव्हतं.

जहाजावर एक रीत होती. शिकवणारे अधिकारी नीरज सर जे सांगतील, ते ऐकणाऱ्याने आधी मोठ्याने जसंच्या तसं म्हणायचं, मगच हात हलवायचा. निशिगंधाला हा पोरखेळ वाटे. एका दुपारी वारा वाढला आणि सर ओरडले, “निशिगंधा, दोर थोडा ढिला कर, सोडू नकोस!”

“हाँ सर, हो गया समझो!” म्हणत तिने दोर खुंटीवरून काढला आणि सोडून मोकळी झाली. शीड फाडकन उडालं, दोर सणसणत सुटला. तोच दोर पुढे धरून उभा होता तिच्या वर्गातला मानस. त्याच्या तळहाताची सालटी निघाली.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. “आता वर चढायचं नाव काढू नकोस,” एवढंच ते म्हणाले आणि तिला स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी पट्टी बांधलेल्या हाताने कसाबसा जेवणारा मानस म्हणाला, “भिया,” इंदुरात मुलीलाही भियाच म्हणतात, “तू पूरी बात सुनतेच कुठे?”

तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट परत म्हणू लागली. पातेलं घास, तर “पातेलं घासते.” आचारी कंटाळला, पण तिने सोडलं नाही. पाय मात्र अजून हलतच होते. जहाज गोव्याला लागलं तेव्हा नीरज सर म्हणाले, “उद्या सकाळी वर.”

“उद्या सकाळी वर,” ती म्हणाली आणि मान वर करून डोलकाठीकडे बघितलं.

बंदरावरून तिने घरी फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाली, “निशी, ते वर-बिर चढू नकोस हं. माझी शपथ आहे. समजलं ना?”

‘हाँ हाँ’ अगदी ओठांवर आलं. तसं म्हणायचं, खुशाल चढायचं, मग बघू काय ते. आजवर तिने हेच केलं होतं. पण मानसचा तळहात डोळ्यांपुढून हलेना.

“वर चढू नकोस, असं तू म्हणालीस. मी पूर्ण ऐकलं, आई. पण मी उद्या चढणार आहे.”

फोन ठेवून पळावं असं तिला फार वाटलं. ती जागची हलली नाही.

“दोन्ही हातांनी धर,” आई शेवटी म्हणाली.

“दोन्ही हातांनी धरते.”

“उतरलीस की लगेच फोन कर.”

“उतरले की लगेच फोन करते.”

आईने नाक ओढलं. “आज पहिल्यांदा माझं ऐकलंस गं,” ती म्हणाली.