निकोलसनं न दिलेले गुण

माझा नवरा निकोलस तुस्कानो हा मुळात बडबड्या माणूस. सकाळी चहा गाळताना याचं तोंड जे सुरू होतं, ते ऑफिसला निघताना हेल्मेट चढवलं तरी आतून चालूच असतं. चर्चमध्ये मिस्साला फादर प्रवचनाला उभे राहिले की मी आधी याच्या गुडघ्यावर हात ठेवते. असा माणूस गेल्या वर्षी कित्येक महिने घरात तोंडाला कुलूप लावून बसला होता. मी शाळेत मास्तरीण आहे, न बोलणारी मुलं मला चालतात, पण न बोलणारा नवरा म्हणजे डोक्याला ताप.

त्याचं काम आधी सांगते. तो परिवहनाच्या एका सरकारी यंत्रणेत अभियंता आहे आणि पाण्याचा निचरा हा त्याचा विषय. आमच्या गास गावाच्या वेशीवर मोठं बस टर्मिनस व्हायचं होतं. काम द्यायची पद्धत मात्र वेगळी: आराखडाही कंत्राटदाराचा आणि बांधकामही त्याचंच. सरकारनं नकाशा काढायचा नाही, फक्त काय काय हवं ते सांगायचं. मग कंत्राटदारांनी आपापले प्रस्ताव आणायचे आणि पाच जणांच्या समितीनं त्यांना गुण द्यायचे. त्या पाचांत निकोलस होता.

या पद्धतीतली मेख त्यानंच मला सांगितली होती, तेव्हा तो अजून बोलत होता. नेहमीच्या कामात नकाशा आपला असतो, चुकला तर दुरुस्त करता येतो. इथं प्रस्ताव निवडला की आराखडाही गळ्यात पडला. नंतर काही बदला म्हटलं की भांडण आणि कोर्ट. "नाही म्हणायचं ते गुण देतानाच, ज्युली. नंतर आपण फक्त फीत कापायला उभं राहायचं," तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात एका हमीपत्रावर सही केली. प्रस्तावांतलं अक्षरही बाहेर बोलणार नाही, आणि कुठल्याही कंत्राटदाराशी आपलं नातंगोतं नाही, असं त्यात होतं. तिथपासून आमच्या घरातलं बोलणं संपलं.

पुढचं बरंचसं मला कंत्राट दिलं गेल्यावर कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे उगाच चिडत बसाल.

प्रस्ताव दोनच आले. टर्मिनसची जागा म्हणजे आमच्या खालच्या आळीपलीकडची सखल जमीन. मध्ये दोन बावखलं आहेत. बावखल म्हणजे आमच्याकडची जुनी तळी. पावसाळ्यात वरच्या वाड्यांचं सगळं पाणी तिथं उतरतं, पसरतं आणि सावकाश खाडीकडे जातं. एका कंपनीनं टर्मिनस खांबांवर उचललं होतं, खालून पाणी मोकळं. दुसऱ्या कंपनीनं बावखलांसकट सगळी जमीन भराव टाकून सपाट करायची ठरवली होती, कडेनं एक गटार. भराववाल्यांचं काम लवकर होणार होतं आणि वेगाला भरपूर गुण होते. निचऱ्याला शंभरात पाच. पण नियमात एक सोय होती: समितीतल्या कुणी एखादी त्रुटी गंभीर म्हणून लेखी नोंदवली, तर त्या कंपनीला बोलावून जाब विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. निकोलसला ती नोंद करायची होती. ते गटार त्या पाण्याला पुरणार नाही आणि पाणी मागे फिरून खालच्या आळीत शिरणार, हे त्याला पहिल्याच वाचनात दिसलं होतं.

मग त्यानं त्याच प्रस्तावाचं पुढचं पान उलटलं. भरावाच्या कामासाठी स्थानिक भागीदार म्हणून फर्डिनंडचं नाव होतं.

फर्डिनंड म्हणजे आमचा होणारा सोयरा. माझी नणंद सँड्रा, निकोलसची धाकटी बहीण, खालच्या आळीतच राहते. तिचा नवरा गेल्यापासून तिच्या मुलाचं, स्टीवनचं, सगळं निकोलसनंच पाहिलं. फर्डिनंडची मुलगी प्रिस्का स्टीवनला आवडली, तेव्हा मागणी घालायला मामा म्हणून निकोलसच गेला होता. मीही होते बरोबर, नवी साडी नेसून. फर्डिनंडचे मातीचे ट्रक आहेत एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ट्रकवाला माती टाकणार, त्यात आम्हाला काय कळायचं?

आता माझ्या नवऱ्याची अवस्था बघा. नातं सांगावं तर समितीतून बाहेर, आणि त्याच्या जागी येणारा माणूस वेग बघून गुण देणार. नातं लपवून त्रुटी नोंदवावी तर उद्या हरलेली कंपनीच ओरडणार की तुमच्या परीक्षकानं सोयरीक दडवली, आणि सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून. लग्न पुढे ढकलावं तर बहिणीला कारण सांगायला हवं, आणि कारण सांगणं म्हणजे सही मोडणं. या सगळ्याचा तो आतल्या आत विचार करत होता, आणि मी त्याला रोज विचारत होते की भाजीत मीठ जास्त झालंय का.

तेवढ्यात एका रविवारी दुपारी फर्डिनंड स्वतः घरी आला. हातात सुकेळ्यांची टोपली. घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून पानात बांधलेली, सुंदर सोनेरी. मी खूश झाले. तो खुर्चीत बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "निकोलसभाऊ, मी काय मागायला नाय आलो. तुमी तिथं हाय, मी इथं हाय. लोकांना कळलं तर कायपन बोलतील. म्हनून म्हटलं, आपन दोघांनी कोनाकडं एक शब्द काढायचा नाय."

निकोलस उभा राहिला. "फर्डिनंडभाऊ, हे बोलणं इथंच थांबवा. मी काही ऐकलेलं नाही," एवढं म्हणून तो परसात निघून गेला. सोयरा घरात बसलेला आणि यजमान केळीच्या झाडाशी पाठ करून उभा! मी फर्डिनंडला चहा दिला, हवापाण्याचं बोलले, लाजेनं मेले. तो गेल्यावर निकोलस आत आला आणि म्हणाला, "ती टोपली परत द्यायची."

आमच्याकडे सोयऱ्याच्या घरून आलेला वानवळा परत करत नाहीत. परत करणं म्हणजे सोयरीक मोडली असं सांगणं. मी म्हटलं, तुला वेड लागलंय. त्यानं स्वतः स्कूटरवर टोपली ठेवली आणि फर्डिनंडच्या ओट्यावर ठेवून आला. नियमाच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. गावाच्या दृष्टीनं त्यानं भाच्याचं लग्न मोडलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सँड्रा आमच्या दारात. डोळे सुजलेले. "दादा, त्यांचं काय चुकलं ते सांग. मी पाया पडून येते त्यांच्या. पन मला सांग तरी!"

"त्यांचं काही चुकलं नाही."

"मग माझं चुकलं?"

"तुझंही नाही."

"मग?"

बहीण समोर रडतेय आणि हा भिंतीवरच्या क्रुसाकडे बघतोय. मला इतका संताप आला की मीच म्हटलं, "सँड्रा, तुझ्या भावाला ऑफिसनं विकत घेतलंय, घरी नुसतं खोकं पाठवलंय." तो तेही ऐकून बसला. त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे मी नीट बघायला हवं होतं, पण रागात कोण बघतं.

दुसऱ्या दिवशी तो समितीच्या अध्यक्षांकडे गेला आणि नातं सांगून मोकळा झाला. अध्यक्ष भला माणूस होता. म्हणाला, "अहो तुस्कानो, भाच्याचा सासरा, आणि तोही अजून व्हायचाय. कशाला उकरून काढता? बसा गुपचूप." निकोलस म्हणाला, लेखी घ्या. मग त्यानं शेवटचं मागून पाहिलं: मला काढा, पण त्या निचऱ्याबद्दलचं माझं टिपण समितीपुढे ठेवा. अध्यक्षांनी मान हलवली. "आता तर मुळीच नाही. नात्यातल्या माणसाचं मत कागदावर आलं की तेच आक्षेपाचं कारण होईल." म्हणजे खरं बोलल्यामुळे त्याचं खरं मतही बाद झालं. टिपण त्याच्या खिशात परत आलं, आणि गुप्ततेची सही मात्र कंत्राट दिलं जाईपर्यंत लागूच राहिली. समितीत नव्हता, बोलायची मुभाही नव्हती.

आम्हाला एवढंच कळलं की निकोलस समितीतून बाहेर पडला. फर्डिनंडलाही कळलं, आणि तो विरघळला. सुकेळ्यांची टोपली त्यानं सँड्राकडे पाठवली, निरोपासकट: भाऊ सच्चा माणूस, माझ्या मुलीच्या लग्नासाठी एवढी मोठी जागा सोडली. गावातही तेच पसरलं. चर्चमध्ये तीन रविवार स्टीवन आणि प्रिस्काची नावं पुकारली गेली, कुणाला हरकत ठाऊक असेल तर धर्मगुरूंना कळवावी म्हणून. दरवेळी लोक वळून निकोलसकडे कौतुकानं बघायचे. सँड्रानं त्याच्यासाठी सूट शिवायला टाकला. एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला आलं तर तो फुलेल. माझा नवरा दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

नवऱ्या मुलासाठी सँड्रा घराला लागून एक खोली बांधत होती. पाया खणून झाला तेव्हा तिनं आम्हा दोघांना बोलावलं. गवंडी थांबला होता. शेजारचा फ्रान्सिस आजा काठी टेकत बघायला आला होता, त्याच्याबरोबर आळीतली आणखी चार माणसं. सँड्रा म्हणाली, "दादा, जोतं किती उंच ठेवू? घरातला इंजिनियर असताना गवंड्याला कशाला विचारू?"

निकोलस त्या खड्ड्याकडे बघत राहिला. मग पलीकडे, आळी संपते तिथं, बावखलांच्या बाजूला. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"तीन फूट चढव," तो म्हणाला.

सँड्रा हसली. "मूळ घरापेक्षा तीन फूट? मग एका खोलीतून दुसरीत जायला नवरीला शिडी लावू काय?"

"तीन फूट," तो पुन्हा म्हणाला.

"का पन?"

आमच्या गावात या माणसाला सगळे जन्मापासून ओळखतात. विचारलं एक तर दहा सांगणारा निकोलस 'का' या एका शब्दाला उत्तर देत नव्हता, आणि पाण्याचा इंजिनियर टर्मिनसच्या जागेकडे बघत उभा होता. सँड्राचं हसू हळूहळू गेलं. कित्येक महिन्यांचं सगळं, केळीच्या झाडाशी उभं राहणं, टोपली, ते क्रुसाकडे बघणं, मला एकदम कळलं. कुणी सांगितलं नाही, पण कळलं. आणि माझा नवरा तिथं एकटा उभा होता हे मला सहन झालं नाही.

फ्रान्सिस आजानं विचारलं, "निकोलस, पानी येनार काय रे?"

निकोलसनं मान खाली घातली.

मी कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून माझ्यावर कसली बंदीही नव्हती. मी पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, "होय, आजा, येणार. यानं नाही, मी सांगतेय. सगळ्यांनी जोतं चढवा."

मला वाटलं, सुटलो. मी निकोलसकडे पाहिलंसुद्धा, आता तरी हा मोकळा होईल म्हणून.

फ्रान्सिस आजानं आपल्या घराकडे पाहिलं. त्याच्या बापानं बांधलेलं, कौलारू, जोतं गुडघ्याएवढंही नाही. आत त्याची म्हातारी पलंगाला खिळलेली आहे. मग तो माझ्याकडे वळून अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाय, तिची खोली नवी हाय, ती चढंल. माझं घर उभं हाय. ते कसं चढवू?"

निकोलसनं आजाचा हात धरला आणि तो त्याला घरापर्यंत पोचवायला गेला. गवंड्यानं दोरी उचलली आणि सँड्राला विचारलं, "मग तीन फूट धरू ना?"