चौदा पोती गहू आणि एक बुडालेली गिरणी

पूरग्रस्तांना मदत न्यायची असं आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ठरलं आणि सगळ्यात आधी काय तयार झालं असेल, तर बॅनर. दहा फुटी. गहू न्यायचा की तांदूळ यावर अजून वाद चालू होता, पण बॅनर आला होता. "बॅनर नसला तर लोकांना कळणार कसं?" आमचे चेअरमनकाका म्हणाले. कुठल्या लोकांना, ते मी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की आधी त्या गावाला विचारा. मग ते काम माझ्याच गळ्यात पडलं. नगर जिल्ह्यात मिरजगावच्या पुढे सीना नदीकाठी एक छोटं गाव आहे, तिथल्या मार्थाबाईंचा नंबर एका जुन्या मैत्रिणीकडून मिळाला. वादळ उठलं कुठे तरी समुद्रात, आणि पाणी शिरलं या गावात, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचा टँकर येतो. मी फोन लावला. "काय काय पाहिजे तुम्हाला? अगदी संकोच करू नका."

"काही नको ताई. तुमी येताय तेच लई झालं."

तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेली बाई मी, आणि ते 'नको' खरं मानून मोकळी झाले. ग्रुपवर लिहिलं, विशेष गरज नाही, धान्य चालेल. पीठ टिकत नाही म्हणून गहू ठरला. चौदा पोती, शिवाय जुन्या कपड्यांची गाठोडी, जी नेऊ नका म्हणून मी घसा कोरडा केला होता.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. वाघोली ते शिक्रापूर हा टप्पा उजाडायच्या आत पार करा. आम्ही सहाला निघणार होतो, पण टेम्पोपुढे नारळ फोडून फोटो काढेपर्यंत आठ वाजले आणि पुढचे दोन तास आम्ही ट्रकच्या मागचे शेर वाचले. शिरूरला चहा आणि बरी मिसळ. नगर बाहेरूनच टाकून सोलापूर रस्त्याला लागलो की मिरजगावपर्यंत रस्ता चांगला आहे. खरी परीक्षा शेवटच्या चार किलोमीटरची. ओढ्यावरच्या पुलाच्या दोन्ही बाजू वाहून गेलेल्या, त्यात मुरूम टाकून वाट केलेली. शेतांतली काळी माती गेली होती आणि खालचा दगडगोटा उघडा पडला होता. बाभळींच्या शेंड्यांना ठिबकच्या नळ्या लटकत होत्या. एवढ्या उंचीवर पाणी होतं, हे कळायला मला जरा वेळ लागला.

गावात शाळेच्या भिंतीशी आमच्या आधीच्या मदतीचा ढीग पडला होता. भिजलेले कोट, टिकल्यांचा घागरा, उंच टाचांची एकेक चप्पल. काकांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपली गाठोडी जरा वेगळी ठेवू." मी कपाळावर हात मारला.

मार्थाबाई साठीच्या, काटक. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात, घराच्या पुढच्या खोलीत गावातली एकुलती एक पिठाची गिरणी. भिंतीवर येशूच्या तसबिरीच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती. आम्ही बसायच्या आत चहा आला. दत्तूभाऊ नावाचे शेजारी टेम्पो रिकामा करायला आले होते, ते म्हणाले, "आजची ही तिसरी पार्टी. मदतीची समदी साखर चहातच चाललीय."

"गप बसा वो," मार्थाबाई म्हणाल्या आणि ताटल्या पुढे केल्या. उकडलेला गहू, मीठ, जरासा गूळ.

"वा! घुगऱ्या!" काका खूश. "अस्सल गावाकडचं खाणं. पुण्यात मिळत नाही हे." त्यांनी ताटलीचा फोटो काढला, मग दुसरी ताटली मागितली.

मी मात्र दारातून आत पाहिलं. गावासाठी आलेल्या गव्हाची पोती छतापर्यंत. तीन संस्थांची नावं तर मलाच वाचता आली. आणि चुलीवर पुन्हा घुगऱ्याच.

"रोज हेच करता?" मी विचारलं.

"आवडतंय गल्लीतल्या पोरासोरांना," मार्थाबाई म्हणाल्या.

"आवडतंय कुठलं!" दत्तूभाऊंनी पोतं खाली टाकलं. "पूर आल्यापासनं भाकरीचा तुकडा न्हाई कुनाच्या तोंडात. हिची गिरणी बुडाली, मोटर जळाली. मिरजगावला दळायला न्यावं तर गावातल्या गाड्या समद्या गाळात. ज्यो येतो त्यो गहूच आनतो."

मार्थाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भाऊंनी पोतं पुन्हा उचललं.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "अहो, मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"पयल्यांदाच बोलत हुतो आपन. घरी येनाऱ्या पाव्हन्याला, जाताना आमची मोटर दुरुस्तीला न्या, असं म्हनायचं का?"

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पाहुण्याला काही मागू नये, हे माझ्या आईनेही मला शिकवलंय.

मग मी म्हटलं, टेम्पो रिकामाच परत जातोय, मोटर टाका त्यात. काका म्हणाले, "पण हे ठरावात नाही. शिवाय टेम्पो भाड्याचा आहे, चिखल होईल." मी टेम्पोवरचा बॅनर सोडला आणि टेम्पोत अंथरला. चौघांनी मोटर उचलून त्यावर ठेवली. चिखलाचं पाणी सोसायटीच्या नावावरून संथ वाहत गेलं. काका घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत असं मी लिहिणार होते, पण नगरपर्यंतच ते सोबत होते. तिथे मोटर आणि मी उतरलो आणि टेम्पो पुण्याला गेला.

नगरला जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देणाऱ्याच्या दुकानापुढे रस्त्यापर्यंत मोटरींची रांग. नदीकाठच्या सगळ्या गावांतल्या. "पंधरा दिवस तरी लागतील," कारागीर मान वर न करता म्हणाला. मी घुगऱ्यांची गोष्ट सांगितली. त्याने हातातलं काम थांबवलं. "गिरणीची हाय व्हय? मग परवा या. बाकीच्या शेतातल्या हायेत, शेतात आत्ता पानीच पानी हाय, त्या थांबतील."

एवढा सरळ विचार आमच्या तीन मीटिंगांमध्ये कुणी केला नव्हता.

माळीवाडा स्टँडजवळच्या लॉजवर दोन रात्री काढल्या. खोली साधी, डास भरपूर. तिसऱ्या दिवशी कर्जतकडे रिकाम्या परतणाऱ्या भाजीच्या पिकअपमध्ये मोटर चढवली आणि ड्रायव्हरशेजारी बसून गावात पोचले. तोवर मार्थाबाईंनी गिरणीचे दगड धुऊन, छिन्नीने टाकी लावून, म्हणजे पुन्हा खरखरीत करून, तयार ठेवले होते. मोटर बसवली, पट्टा चढवला. पहिल्यांदा नुसतीच घरघर, मग पट्टा निसटला, दत्तूभाऊंनी तीन पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्यांदा गिरणी चालली. आवाज ऐकून घराघरातून बायका डबे घेऊन निघाल्या, काही जणी अक्षरशः पळत. मार्थाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "लाइनीत या गं!"

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत पिठाची पुडी कोंबली. तुमच्याच सोसायटीचा गहू हाय, म्हणाल्या.

"अहो नको, खरंच नको!"

"असू द्या," त्या हसल्या. "आपल्या नको म्हनन्याचा अर्थ आता दोघींना बी ठावा हाय."

येताना एसटीने आले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे टेम्पोपेक्षा कितीतरी स्वस्त. घरी त्या पिठाच्या पोळ्या केल्या. पहिल्या दळणाचं पीठ, जरा कचकच लागली. एकही टाकली नाही.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन. आवाज अजून फुगलेलाच. "जामखेडकडच्या एका गावाला विचारलं मी स्वतः. काही नको म्हणतायत. मग गहूच पाठवू या ना?"

मी म्हटलं, नंबर द्या. फोन एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. काय पाहिजे ते मी विचारलंच नाही.

"मावशी, आज सकाळी काय खाल्लंत?"

त्या सांगायला लागल्या आणि मी कागद ओढून लिहायला घेतलं.