अप्पांचा डहाळा

एक भाकर चौघांत वाटली तर चौघंही निभावून नेतात. मग एका म्हशीचं औषध चार म्हशींत वाटलं, तर चारही म्हशी बऱ्या का होऊ नयेत? वाचकहो, उत्तराची घाई करू नका. उमरग्याला आमच्या अप्पांनी ही वाटणी कैक वर्षं स्वतःच्या हातानं केली, आणि अख्खा गाव त्यांना दुवा देत होता.

अप्पा ढोरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. निजामाच्या अमलात नोकरीला लागले, विलीनीकरणानंतर त्याच खुर्चीवर राहिले. पेनिसिलिनची कुपी ते उन्हाकडं धरायचे, तिरकी करायचे आणि काचेवर अंगठ्याचं नख टेकवून दाखवायचे.

"हितवर पाटलाची म्हैस. हितवर लोहाराची गाय. बुडाला ऱ्हाईल ते तुमचं."

"अप्पा, बुडाचं लई थोडं दिसतंय."

"परसाद हाय. परसाद कुणी शेरानं मागतंय व्हय?"

अप्पा मठाच्या पंगतीत वाढलेले. आंबिलीचं मडकं लहान आणि माणसं जास्त असली, तर वाढणाऱ्यानं पळी अर्धी करायची, पण कुणाला रित्या हातानं उठवायचं नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. तालुक्याला कुप्यांचा एक खोका यायचा आणि गोठे तर गावोगाव. अप्पांनी पळी अर्धी केली. कास सुजून दगड झालेल्या म्हशी दुसऱ्या दिवशी पान्हवायच्या. सूज उतरली की अप्पा पुढची सुई देत नसत. उरलेलं औषध दुसऱ्याच्या दारात न्यायचे.

आम्ही पोरं तेव्हा पत्रकं वाटत होतो. समान वाटणी हा आमचा मंत्र. अप्पांकडं बोट दाखवून आम्ही म्हणायचो, बघा, भाषण न करता कसं करतात ते. अप्पा मला 'पत्रकवाले' म्हणायचे.

"पत्रकवाले, तुमच्या कागदानं सूज उतरत असंल तर दोन मला द्या. कुपी वाचंल."

मधूनच कुणाच्या तरी घरी विरजण लागेनासं व्हायचं. दूध तसंच पातळ. बायका म्हणायच्या नजर लागली. अप्पा म्हणायचे, सुनेनं ताक घालायच्या ऐवजी नुसता चमचाच बुडवला असंल. सगळे हसायचे. सुई दिलेल्या म्हशीचं ते दूध आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

नागम्माअक्का अप्पांच्या शेजारी राहायच्या. नवरा गेलेला, दारात एकच म्हैस. तिच्या दुधावर घर चालायचं. शिवाय चार घरच्या म्हशी त्या पिळून द्यायच्या. बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि तिथूनच अप्पांची खोडी काढायच्या. त्यांच्या म्हशीला कधी काही झालं नव्हतं. "तुमच्या सुईला माझी म्हैस भेते, अप्पा. म्हणून आजारी पडत न्हाय," असं त्या म्हणायच्या.

मग एका सकाळी त्या म्हशीची कास सुजली. अप्पांनी नवी कुपी फोडली. शेजारधर्म म्हणून या खेपेला नखाची खूण केली नाही, सगळी तिला दिली. दुसऱ्या दिवशी परत दिली. तिसऱ्या दिवशीही दिली. कास दगडच राहिली. सडातून पाणी आणि गाठी येऊ लागल्या.

अप्पांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, पण उद्धट नव्हते. कास चाचपून त्यांनी विचारलं, "आजूबाजूच्या जनावरांना सुया कशा दिल्या?" अप्पांनी खरं ते सांगितलं. लपवावं असं त्यात काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर गोठ्यातच उकिडवे बसले. "अप्पा, अर्ध्या औषधानं नरम जंतू मेले. चिवट तेवढे उरले. त्यांचीच पैदास वाढली आणि पिळणाऱ्याच्या हातावरून या कासेतून त्या कासेत गेली. आता त्यांना पेनिसिलिन म्हणजे पाणी. अन् सुईचा अंश दुधात उतरतो. त्यानं विरजण मरतं, दही लागत नाही. तेच दूध तुमची लेकरं पितात."

नागम्माअक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "माझ्या म्हशीनं तर तुमची सुई कधी बघितलीसुदीक नव्हती, अप्पा."

त्यात शिवी नव्हती. पण अप्पांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. म्हैस जगली, पण तिचे दोन सड कायमचे आटले. घरातलं दूध निम्म्यावर आलं.

त्यानंतरचे अप्पा गावाला आवडेनात. ज्या जनावराला सुई सुरू करायची, त्याला डॉक्टर सांगतील तेवढी पुरी द्यायची. तेवढं औषध नसेल तर सुरूच करायची नाही. पिळण्याआधी आणि पिळल्यावर हात धुवायचे. बाळंतिणीच्या दाराला आपण कडुलिंबाचा डहाळा लावतो, तसा अप्पा सुई दिलेल्या जनावराच्या दावणीला बांधायचे. डहाळा आहे तोवर ते दूध घागरीत ओतायचं नाही, लेकरांना पाजायचं नाही, विकायचं नाही. तो सोडायचा अप्पांनीच.

पाटील एकदा चारचौघांत म्हणाले, "काय अप्पा, परसाद सरला का?"

"परसाद नव्हताच, मालक. हत्यार होतं. म्या अर्धं अर्धं करून वैऱ्याला ते चुकवाय शिकवलं."

"म्हंजे आमच्या म्हशी मराव्या?"

पंगतीतून कुणाला रित्या हातानं उठवावं लागावं, तसा अप्पांचा चेहरा झाला. माझा राग मात्र तिथंच पेटला आणि अजून विझलेला नाही. वाटणी चुकली हे खरं. पण अख्ख्या तालुक्याला एक खोका पाठवून जे निवांत बसले, त्यांना कुणी गोठ्यात बोलावून असा प्रश्न विचारला नाही. ती शरम एकट्या अप्पांनी अंगावर घेतली. दारोदार जाऊन ते स्वतःची चूक सांगत फिरले. कुणी ऐकलं, कुणी दार लोटून घेतलं.

नागम्माअक्कांशी त्यांचं बोलणं कमी झालं होतं. पण त्यांच्या म्हशीच्या खुराला जखम झाली, तेव्हा अक्कांनी अप्पांनाच हाक मारली. अप्पांनी पुरी सुई दिली, डहाळा बांधला. अक्का म्हणाल्या, "या खेपेला पळी भरून वाढलीत जणू." अप्पा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

तो डहाळा सोडायला ते आले नाहीत. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या ओट्यावरच ते गेले.

मी अक्कांकडं गेलो तेव्हा डहाळा वाळून तांबूस झाला होता. अक्का म्हशीचं दूध खड्ड्यात ओतत होत्या. मी म्हटलं, "अक्का, जखम केव्हाच भरली. सोडा की आता."

"मला काय कळतंय त्यातलं? सोडणारा माणूस गेला. तुमी डॉक्टरला घेऊन या. ते म्हणतील तवा सोडीन."

मी डॉक्टरांना घेऊन आलो. अक्कांनी डहाळा सोडला आणि अप्पांच्या बंद दाराच्या कडीला नेऊन अडकवला.

वाचकहो, तुमच्या दावणीला जनावर असेल आणि त्याला सुई दिली असेल, तर ती अर्ध्यावर सोडू नका, शेजाऱ्याला वाटू नका. कमी पडत असेल तर माझ्याबरोबर जिल्ह्याला या, आपण मिळून पुरी मागू. आणि आज घरी गेलात की लिंबाचा एक डहाळा तोडून ठेवा. तो बांधायचं काम आता तुमचं आहे.