जिराफ आणि नऊ जणांचं टेबल

आमच्या जावयाला सगळी साइट जिराफ म्हणते. नाव ऐकून वाटतं, माणूस ताडमाड असणार. तसं काही नाही. माझ्या थोरलीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला तर हळूच टाचा उचलतो. पण उभं आयुष्य टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये गेलं. खालून बघणाऱ्याला त्याची काचेला टेकलेली मान तेवढी दिसायची, म्हणून जिराफ. घरी आल्यावरही त्याची नजर वरूनच. जेवायला बसला तरी ताटाकडे असा बघायचा, जणू वाटी कुठे उतरवायची ते ठरवतोय.

या जिराफाला एक दिवस जमिनीवर आणलं. झालं असं, की गच्चीवर पाण्याची टाकी चढवायची होती. नेमाप्रमाणे त्यानं ती आधी वीतभर उचलली. ओझं नीट बांधलंय का, एका अंगाला झुकतंय का, ते बघायला क्रेनवाले असंच करतात. टाकी थोडी झुकली. वाराही सुटला होता. अशा वेळी गुपचूप खाली ठेवायची आणि पुन्हा बांधून घ्यायची. पण हा म्हणाला, उचललीय ना, आता नेतो. टाकी हेलकावली आणि नव्या कोऱ्या काचेच्या भिंतीला जाऊन धडकली. माणसाला कुणाला ओरखडा नाही, पण काच अशी फुटली की आवाजानं पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

तेव्हापासून जिराफ फाटकावर. येणाऱ्या ट्रकला दांडा वर करायचा, गेला की खाली करायचा. लेक म्हणायची, "बाबा, हे रात्री झोपेतसुद्धा हात वर करतात हो." मी हसलो, पण तिला काही हसू आलं नाही. केबिन गेल्यापासून माणूस घरात नुसता ठेवल्यासारखा बसायचा. पुन्हा वर जायचं तर चाचणी द्यावी लागणार, आणि चाचणीला नाव सुचवणार मुकादम. मुकादम म्हणजे मोठं मजेशीर प्रकरण. शिव्या देतानाही आधी "माफ करा" म्हणणारा माणूस.

आता या मुकादमाला नाद एकच, पोकर. साइटवरची मंडळी, त्यात जिराफही, शनिवारी दुपारी आपापल्या घरून कॉम्प्युटरवर खेळायची. पैशाचा संबंध नाही. असता तर माझ्या लेकीनं कॉम्प्युटर खिडकीतून खाली टाकला असता आणि मागोमाग जावई. पहिल्या तिघांची नावं कँटीनच्या फळ्यावर लागायची, एवढंच. जिराफ गेला मुकादमाकडे, म्हणाला, "साहेब, माझं नाव सुचवा." मुकादम म्हणाला, "माफ कर, पण तुझा रोग मी टेबलावर बघितलाय. पान वाईट असो, चांगलं असो, एकदा हात घातलास की तू मागे येत नाहीस. टाकीचं तेच झालं. पहिल्या तिघांत ये. मग बोलू."

झालं. जिराफानं घरी येऊन बूट काढायच्या आधी जाहीर केलं, "मी तिघांत येणार."

शिकवायला होती माझी नात. कॉलेजात गणित शिकते, आणि बापाला शिकवायची संधी कोणती मुलगी सोडेल? मीही शेजारी खुर्ची ओढून बसलो. मी गावच्या शाळेतला. आमच्या मास्तरांनी बेरीज गोट्या देऊन शिकवली आणि वजाबाकी त्याच गोट्या काढून घेऊन. त्यामुळे वजाबाकी माझ्या जन्मभर लक्षात राहिली. आणि हा खेळ, तुम्हाला सांगतो, सगळा वजाबाकीचाच.

नऊ जण बसतात. नववा आला की खेळ सुरू, पुढे कुणासाठी थांबणं नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे खेळण्यातली नाणी. चिप्स संपल्या की तुम्ही उठायचं. दर डावात पाळीपाळीनं दोघांना पानं बघायच्या आधीच सक्तीनं थोड्या चिप्स मधे टाकाव्या लागतात, एकाची लहान भर, पुढच्याची मोठी, आणि ही सक्तीची भर घड्याळाप्रमाणे वाढत जाते. नात म्हणाली, "बाबा, सुरुवातीला भर चिमूटभर असते. तेव्हा बसून राहायचं. वाईट पानं टाकायची, म्हणजे तो डाव सोडायचा, बरी वाटणारीही टाकायची. बाकीचे एकमेकांना खातील."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. तेच तर अवघड आहे."

"मग भर वाढली की?"

"मग बसून राहिलात तर ती भरच तुम्हाला खाईल. चिप्स थोड्या उरल्या असतील तर दोनच वाटा. सगळं पुढे सारायचं नाहीतर पानं टाकायची. अधलंमधलं काही करायचं नाही."

जिराफाला हे सगळं पटलं. खेळताना मात्र त्याची गाडी एकाच ठिकाणी अडायची. सरावाच्या टेबलावर सुरुवात झकास, ऋषीसारखा बसायचा. मग एखाद्या डावात चार चिप्स आत टाकायचा, समोरचा वाढवायचा, मधे उघडलेल्या पानांशी हातातली दोन जुळत नाहीत हे स्पष्ट दिसायचं. नात ओरडायची, "टाका बाबा, टाका!" हा ढिम्म. पुन्हा चिप्स आत, पुन्हा आत, की खलास! असं किती वेळा झालं ते विचारू नका. शेवटी नातीनं उशी तोंडावर घेतली.

"अहो पण का?" ती उशीतून म्हणाली.

"अगं, उचललेलं हवेत सोडून कसं चालेल? माणसं मरतील खाली!"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं या माणसाच्या हातांना एकच शिकवण, उचललेलं ओझं मधे लटकवायचं नाही. हात तेच करत होते! मी हसून हसून खोकलो. नात हसेना. लेक पलंगावर चादरीच्या घड्या घालत होती. तिला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही. ती वर न बघताच म्हणाली, "लटकवू नका ना. खाली ठेवा. वीतभर उचलून बघता, झुकलं की खाली ठेवता, तेच करा की. टाकीच्या दिवशी केलं नाहीत, ते इथं तरी करा."

टाकीचं नाव घरात कुणी काढत नसे. मला वाटलं, आता उठून जातो. पण जिराफ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "नवीन टेबल लाव."

त्या दिवसापासून त्यानं एक नवी तऱ्हा काढली. पानं टाकताना तळहात पालथा करून हळूहळू टेबलावर टेकवायचा, जणू खाली कुणी इशारा देतोय. ओझं टेकलं की मगच माऊसचं बटण दाबायचा. नात म्हणाली, "दिसायला वेड्यासारखं दिसतं, पण चालू द्या."

शनिवार आला. मुकादमाची अट होती, शेजारी कुणी बोलायचं नाही. म्हणून नातीला स्वयंपाकघरात पाठवलं. मला राहू दिलं, कारण मला काही कळत नाही असा सगळ्यांचा समज.

सुरुवातीला जिराफ असा बसला की मला वाटलं डुलकी लागली. एकेक जण उठत गेला. पेंटर गेला, दोघे सुतार गेले, पंपवाला आणि वेल्डरही गेले. भर वाढली तसा हा जागा झाला. दोनदा सगळं पुढे सारलं, समोरचे पळाले, चिप्स याच्याकडे. उरले चौघं. मुकादमापाशी चिप्सचा डोंगर, त्याखालोखाल आमचा जिराफ, मग इलेक्ट्रिशियन, आणि शेवटी स्टोअरवाला, ज्याच्याकडे नावापुरत्या चिप्स उरल्या होत्या. आता यातला एक गेला की बाकीचे तिघं फळ्यावर.

त्या डावात मोठी भर जिराफाची होती. म्हणजे याचं ओझं आधीच जमिनीवरून सुटलेलं. पानं आली, एक्का आणि राणी! माझ्या तोंडातून "आता जमलं!" निघणारच होतं, मी त्याचा खोकला केला. स्टोअरवाल्यानं पानं टाकली, इलेक्ट्रिशियननंही टाकली. आणि मुकादमानं अख्खा डोंगर पुढे सारला. जिराफानं हो म्हणायचं तर सगळ्या चिप्स घालायच्या. हरला तर चौथा. आणि चौथा म्हणजे फाटकाचा दांडा.

घड्याळ पळत होतं. जावई पानांकडे बघतच नव्हता. स्टोअरवाल्याच्या चिप्सकडे बघत होता. मग हळूच तळहात पालथा केला, खाली, खाली, टेबलावर टेकवला. आणि पानं टाकली.

मी मनात म्हटलं, अरे देवा, एक्का-राणी!

पुढच्या डावात मोठी भर स्टोअरवाल्याची. होत्या तेवढ्या चिप्स त्या भरीतच गेल्या, डाव इलेक्ट्रिशियननं जिंकला, आणि उरले तिघं. मी खुर्चीवरून उठलो तो नात स्वयंपाकघरातून धावत आली. पुढे जिराफ भराभर खेळला, मिळेल तिथे सगळं सारत गेला. दुसरा आला. पहिला कोण, ते मुकादमच सगळ्या गावाला सांगत सुटला, मी कशाला सांगू?

लगेच फोन. मुकादमाचा आवाज खोलीभर. "माफ कर, पण तेव्हा माझ्याकडे काय होतं माहितीय? सत्ती आणि दुर्री! सत्ती-दुर्रीला घाबरलास होय रे जिराफा!"

"साहेब, तुमच्याकडे काय होतं ते मला दिसत नव्हतं," जिराफ म्हणाला. "स्टोअरवाल्याकडे काय उरलंय ते दिसत होतं."

मुकादम म्हणाला, "सोमवारी हेल्मेट घेऊन ये."

सोमवारी मी हट्टानं बरोबर गेलो. मला कुंपणाबाहेर उभं केलं. चाचणी घ्यायला कंपनीचे तपासनीस आले होते, इस्त्रीच्या शर्टातले, घाईतले. जिराफ शिडीनं वर चढत गेला, लहान लहान होत, आणि शेवटी काचेपाशी ओळखीची ती मान दिसली. सळयांचा भारा वर न्यायचा होता. आकडा अडकवला, भारा वीतभर उचलला. डावीकडचं टोक किंचित खाली. मला तर दिसलंही नव्हतं. भारा खाली. पुन्हा बांधला. पुन्हा वीतभर. पुन्हा खाली.

"एवढं चालतं हो," तपासनीस म्हणाले. मुकादमानं रेडिओवर तेच वर कळवलं. मला वाटतं मुद्दाम.

वरून आवाज आला, "नाही चालत. बांधा."

तिसऱ्यांदा भारा सरळ उठला आणि थेट गच्चीवर जाऊन असा टेकला की खाली धूळसुद्धा उडाली नाही. तपासनिसांनी मुकादमाशी दोन शब्द बोलून हात मिळवला आणि गाडीकडे चालू लागले. मुकादमानं रेडिओ तोंडाशी नेला.

"माफ कर जिराफा, उद्यापासून फाटकाला दुसरा माणूस बघतो मी. ये आता खाली."

"राहू द्या ना साहेब जरा," वरून आवाज आला. "मामा तिथं कुंपणापाशी उभे आहेत, त्यांना सांगा, इथून आपलं घर दिसतं."