मामांची ठासणीची बंदूक

आमच्या ओटीवर, देवांच्या तसबिरींशेजारी, सासऱ्यांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. लग्न होऊन कशेळ्याजवळच्या या गावात आले तेव्हा तिच्याखाली जेवायला बसायचीही मला धास्ती वाटे. पण भात निसवला की रानडुकरं उतरत आणि अख्खं खाचर लोळवून जात, म्हणून सरकारनेच तिचा परवाना दिलेला. निवडणूक लागली की गावातल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या. सासरे ते न चुकता करत.

त्यांना मी मामा म्हणायचे. बंदुकीची रीत त्यांनीच मला सांगितली. नळीत दारू, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायचं. भरलीय की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. गज आत सोडून बघायचा. रिकामी असली तर तो नळीच्या तोंडाबरोबर बसतो, भरलेली असली तर चार बोटं वर राहतो. भरलेल्यावर पुन्हा बार भरला तर नळी फुटते. पलीकडच्या गावात एकाचा पंजा असाच गेला होता.

मग एका वर्षी मामा विसरायला लागले. आधी चपला, मग वार. नवरा साजगावच्या कारखान्यात, रविवारपुरता घरी. त्याला सांगितलं तर म्हणाला, वय झालं, होतं असं. अरे, चपला विसरणं वेगळं आणि दारू विसरणं वेगळं! माझा जीव टांगणीला लागला. मामा राखणीला शेतातल्या माळ्यावर गेले की बार ऐकू येईपर्यंत मी चुलीपुढे कान देऊन बसे, आणि बार झाला की त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत.

त्या दिवशी दुपारी त्यांनी ओटीवर बसून बार भरला. मी समोरच तांदूळ पाखडत होते. चहा प्यायले, आणि पुन्हा दारूचा डबा उघडला.

“मामा, भरलाय तुमी.”

“नाय गं. आता तर बसलोय.”

मी पुन्हा म्हटलं तर भडकले. काल आलेली पोर मला शिकवते, म्हणाले. मी त्यांच्या पुढ्यातला गज उचलला आणि नळीत सोडला. गज चार बोटं नाही, आठ बोटं वर राहिला. म्हणजे मी पाहिला त्याच्या आधीचाही बार आतच होता.

मामांनी गजाला स्वतःची बोटं लावून पाहिली. पुन्हा पाहिली. मग तांब्यातलं पाणी नळीत ओतलं आणि बंदूक माझ्या पुढ्यात ठेवली.

“लपव गं कुठं तरी. उद्या मी मागीन. तरी देऊ नको.”

दुसऱ्या दिवशी मागितलीच. दिली नाही, तर नको नको ते बोलले. फार रडले मी. रविवारी नवऱ्याने ती परवान्यासकट ठाण्यात कायमची देऊन टाकली. तरी रोज तिन्हीसांजेला मामा रिकाम्या खुंटीखाली उभे. शेवटी मीच म्हटलं, निवडणूक लागलीय मामा, बंदूक जमा हाय. ते त्यांना पटलं. निमूट बसले.

पुढे ते अंथरुणाला खिळले. माझं नाव विसरले, मुलाला ओळखेनासे झाले. एवढं मात्र शेवटपर्यंत विचारायचे.

“निवडणूक झाली का गं?”

“नाय मामा. अजून नाय.”