दादाची डाव्या हाताची सुरी

यंदा आमच्या घरी सण नव्हता, म्हणून शाळेच्या दसऱ्याच्या सुटीत मी म्हैसूरला जायचं ठरवलं. माझा थोरला भाऊ तिथल्या एका जुन्या मराठी सरदाराच्या मुदपाकखान्यात आचारी होता. श्रावणात तो तापानं गेला. पत्र पोचेपर्यंत तिकडच्या लोकांनी सगळं उरकलं होतं. निघताना आई एवढंच म्हणाली, "त्याची सुरी घेऊन ये. त्याच्या हातातलं काहीतरी घरात असू दे."

बेळगावहून हुबळी आणि हरिहर करत बेंगळूर गाठावं लागतं, तिथून म्हैसूरची गाडी. तिसऱ्या वर्गात दसऱ्याच्या दिवसांत टेकायलाही जागा मिळत नाही, तेव्हा बेंगळूरला गाडी लागण्याआधीच फलाटावर जाऊन उभं राहावं. मद्दूरला शहाळी मिळतात. श्रीरंगपट्टणला पूल लागला तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी कावेरीला हात जोडले, मीही जोडले. म्हैसूरला उतरल्यावर टांग्यासारखा जटका करावा. उतरायला छत्र, म्हणजे आपल्याकडची धर्मशाळा, चांगली आहे. राहायला पैसे पडत नाहीत. झाडणाऱ्याच्या हातावर आणा-दोन आणे ठेवले की पाण्याची घागर आपोआप येते.

अष्टमीच्या संध्याकाळी मी मुदपाकखान्यात पोचलो. दादाचे वरिष्ठ नागोजीराव दारातच भेटले. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी कानडीत भिजलेली आहे.

"रामाचे भाऊ काय? बन्नी, बन्नी, आत या. तोंडावरनंच कळतं की हो!"

आत सात-आठ माणसं भराभर भाज्या कापत होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी इथं पातं कशालाही लावत नाहीत, म्हणून जे कापायचं ते आदल्या दिवशीच कापून ठेवतात. रामाचा भाऊ म्हणजे आचारीच, असं धरून त्या लोकांनी मला बसूही दिलं नाही.

"बेळगावात सुरी मालक देतो का आपली आणायची?"

"शिकणाऱ्याला पगार असतो, का नुसतं जेवण?"

"मी शाळेत गणित शिकवतो," मी म्हणालो.

"शिकवायचा पगार मिळतो?" एक जाडा आचारी होता शिवाप्पा, त्यानं हातातला भोपळा खाली ठेवला. "इथं शिकवायचं फुकट. वर शिकलेला आपल्याच पाटावर येऊन बसतो!"

सगळे हसले. कोपऱ्यात एक बाई खाली मान घालून कारली चिरत होती, ती हसली नाही. ती डाव्या हातानं चिरत होती. कोपर अंगाला चिकटलेलं, मनगट बाहेर वळलेलं, आणि एक कारलं संपलं की पात्यानं पाटाच्या कडेवर दोनदा टक टक.

मी बघत राहिलो. आमची आई अशीच चिरते. डाव्या हाताचं चारचौघांत चालत नाही, म्हणून वाढणं-जेवणं उजव्यानं. पण चूल आणि ती एवढीच असली की सुरी डाव्या हातात जायची. दादाही डावखुरा. तो तिच्याजवळ बसून शिकला. मी उजवा, मला त्यातलं काही आलं नाही. पुढे हुबळीच्या खानावळीत मालकानं डाव्या हाताचं चिरलेलं चालणार नाही म्हटलं, तेव्हा तो घर सोडून इतक्या लांब आला.

बाईच्या हातातली सुरी दादाची होती. नागोजीरावांनी सांगितलं, रामानं ती येलवालच्या रस्त्यावरच्या एका लोहाराकडून घडवून घेतली होती. धार एकाच बाजूला. उजव्या हाताला ती तिरकी पळते.

नवमीला सगळी पाती धुऊन, हळदकुंकू लावून एका लाल कापडावर मांडली. सरदारांच्या तलवारी वाड्यात पुजल्या, ह्या सुऱ्या इथं. दादाची सुरी मधे होती आणि तिच्यावर शेवंतीचं एकच फूल होतं. त्या दिवशीचं जेवण मी विसरणार नाही: आदल्या दिवशी चिरलेल्या भाज्यांच्या जोडीला हातानं खुडलेली पालेभाजी, हातानं मोडलेल्या शेंगा, फोडलेल्या नारळाचं खोबरं.

बाईंचं नाव कृष्णाबाई. परसात पाला खुडत बसल्या होत्या. मी कशासाठी आलोय ते त्यांना सांगितलं.

"न्या की हो," त्या म्हणाल्या. "आईचाच हक्क पहिला."

"मग कृष्णक्का परत वाटपाला!" शिवाप्पा मागून म्हणाला.

"तू गप्प रे. तुझी सुरी भोपळा बघून पळते."

तो हसत निघून गेला. मी विचारलं, वाटपाला म्हणजे काय? त्या सांगेनात. शेवटी नागोजीरावांकडून कळलं. दसऱ्याच्या सकाळी ज्यानं त्यानं आपली सुरी उचलायची. जो उचलेल तो वर्षभर आचारी, त्याला आचाऱ्याचा पगार. ज्याची सुरी नाही तो पाट्यावर मसाला वाटणार, वाटपाचा पगार घेणार. कृष्णाबाई विधवा. वाटपाला आल्या होत्या. त्यांचा डावा हात बघून कोणी शिकवेना. रामानं शिकवलं. तो आजारी पडल्यापासून त्या त्याच्या सुरीवर, त्याच्या जागी काम करत होत्या.

"दुसरी सुरी घडवता येणार नाही का?"

"घडवता येईल. पण उद्या सकाळी उचलायला काय? आमच्यात मेलेल्याची सुरी वारसानं उचलायची. तो नेईल, नाहीतर देईल. इल्ली, ह्या बाबतीत, आम्ही कोणी बोलायचं नाही."

कोणी बोललंही नाही. संध्याकाळी मी राजवाड्याचे विजेचे दिवे बघायला गेलो. लोक म्हणतात ते खरं आहे, एवढा उजेड मी कुठं पाहिला नव्हता. पण मला आईचंच वाक्य आठवत होतं.

दशमीला सकाळी नागोजीरावांनी पहिलं माझं नाव घेतलं. मी सुरी उचलली. तिची मूठ दुसऱ्या बाजूनं झिजली होती. माझी बोटं तिथं बसेनात. सुरी उचलणाऱ्यानं कापायचं म्हणून पुढ्यात एक लिंबू ठेवलं होतं. मी पातं टेकवलं तसं ते सालीवरून घसरलं.

"ह्यांना द्या," मी म्हणालो.

कृष्णाबाईंनी पदर सावरला, डावा हात पुढे केला. मग वाकून सुरीला नमस्कार केला आणि लिंबू कापलं. टक टक. नागोजीराव दुसऱ्यांची नावं घेऊ लागले.

मिरवणूक मी पाहिली नाही, त्यामुळे हत्तींविषयी वाचकांना काही सांगू शकत नाही. निघताना कृष्णाबाईंनी कापडात बांधलेली एक पुरचुंडी दिली. वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या होत्या.

"ह्या रामाअण्णानं उन्हाळ्यात कापलेल्या. त्यांत माझ्याही आहेत, एकाच बरणीत होत्या," त्या म्हणाल्या. "आईंना सांगा, मला निवडता आल्या नाहीत."

परतीच्या गाडीत ती पुरचुंडी मी मांडीवरच ठेवली. सुरी आणली नाही हे आईला कसं सांगायचं, ते मला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही. शेवटी जसं घडलं तसंच सांगितलं. मग तिनं चकत्या ताटात ओतल्या, दारातल्या उजेडाला नेल्या आणि एकेक उचलून दोन ढीग करू लागली. हा काप त्याचा, हा नाही. बराच वेळ ती बसली होती. एक चकती ह्या ढिगातून त्या ढिगात गेली आणि परत आली.

मग तिनं हातानं दोन्ही ढीग एक केले.

"बाई चांगली शिकलीय," ती म्हणाली, आणि तेल तापवायला उठली.